नवी वास्तू

नवे घर बांधून पुरे झाले की आपल्याकडे वास्तुशांत करतात. भिंती कोऱ्या असतात, दारांना ताज्या रंगाचा वास येत असतो, पाहुणे घराची वाखाणणी करून निघून जातात; आणि ज्याच्यासाठी हे सारे केले तो घरधनी मात्र पहिल्या रात्री कुशीवर कुशी बदलत पडून राहतो. अंधारात त्याचे पाय जुन्या घराचा उंबरठा शोधतात. सदरा टांगताना हात जुन्या खुंटीकडे जातो. घर उभे राहते ते गवंड्याच्या हातून. पण ते आपले होते ते त्यात राहणाऱ्यांच्या सुखदुःखांनी, आणि त्याला वेळ लागतो. जी गोष्ट घराची, तीच देवळाची, शाळेची आणि खेळाच्या मैदानाचीही.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर बॉस्टन नावाचे शहर आहे. तेथील बॉस्टन विद्यापीठाचा हॉकीचा संघ जानेवारी २००५ मध्ये आपली जुनी जागा सोडून नव्या, प्रशस्त क्रीडागारात राहावयास गेला. संघाबरोबर अर्थातच त्याचे प्रेक्षकही गेले. हॉकीचे वेड असलेले असे प्रेक्षक त्या शहरात घरोघर सापडतील. त्यांतलाच एक डोळ्यांपुढे आणावा. वय पन्नाशी उलटलेले, गळ्यात विद्यापीठाच्या लाल-पांढऱ्या रंगांचा लोकरी गळपट्टा, आणि पाठीशी जुन्या जागेत काढलेले वीस-पंचवीस हिवाळे. नव्या क्रीडागारात पहिले पाऊल टाकताना त्याच्या मनात काय काय आले असेल?

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवे मैदान उभे राहते आणि ओठांवर ध्यानचंदांचे नाव येते. पण अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. सुमारे २०० फूट लांबीच्या बर्फाच्या अंगणावर, पोलादी पाती बसवलेले बूट पायांत घालून, प्रत्येकी सहा खेळाडूंचे दोन संघ परस्परांशी झुंजतात. चेंडूच्या जागी असते टणक रबराची काळी चकती. तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची. ती बर्फावर उसळ्या मारू नये म्हणून सामन्यापूर्वी तीही गोठवून ठेवतात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. खेळाडूंचा वेग इतका असतो की, नवख्याला चकती दिसतच नाही. सारे प्रेक्षक उठून उभे राहिले, की गोल झाला एवढेच त्याला कळते.

या खेळावर बॉस्टनकरांचा जीव आहे. शहरातील व त्याच्या आसपासची चार विद्यापीठे व महाविद्यालये १९५२ पासून आपसांत एक स्पर्धा खेळतात. ‘बीनपॉट’ हे तिचे नाव. बीनपॉट म्हणजे घेवडे शिजवण्याचे मडके. बॉस्टनचे शिजवलेले घेवडे फार प्रसिद्ध. म्हणून स्पर्धेला हे घरगुती नाव मिळाले. ६ फेब्रुवारी १९७८ रोजी या स्पर्धेचे सामने चालू असताना बाहेर भयंकर हिमवादळ सुरू झाले. घरी जा, असे प्रेक्षकांना सांगूनही अनेकजण खेळ सोडून उठले नाहीत. सामना संपला तेव्हा रस्ते बर्फाखाली गडप झाले होते! कित्येकांना पुढच्या रात्री क्रीडागारातच, बाकांवर निजून काढाव्या लागल्या. अशा लोकांचे आपल्या मैदानाशी कसे नाते असेल, याची यावरून कल्पना यावी.

बॉस्टन विद्यापीठाच्या संघाची जुनी जागा म्हणजे वॉल्टर ब्राउन अरीना. बॉस्टनच्या सेल्टिक्स या नामांकित बास्केटबॉल संघाचा संस्थापक वॉल्टर ब्राउन याचे नाव तिला दिलेले होते. १९७१ मध्ये ती उघडली. जेमतेम ३,८०० माणसे तीत मावत. छत बेताचे, वाटा अडचणीच्या, आणि बसण्याच्या जागा बर्फाच्या इतक्या जवळ की, कठड्यावर खेळाडू आदळला म्हणजे पहिल्या रांगेतला माणूस नकळत मागे सरे. तेथे थंडी वाजे; ओल्या लोकरीचा वास भरून राही; मध्यंतरात चहा-कॉफीच्या पेल्यासाठी लांबलचक रांग लागे. कोणा परक्याने पाहिले असते, तर त्या जागेत नाव घेण्यासारखे त्याला काही दिसले नसते.

पण त्या बेताच्या छताखाली मोठमोठी माणसे घडली. १९८० च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी अमेरिकेने जो संघ पाठवला, त्यात या विद्यापीठात खेळून तयार झालेले चार तरुण होते. बहुतेक सारा संघच महाविद्यालयीन वयाच्या मुलांचा. त्यांच्यापुढे उभा होता सोव्हिएत संघ. लागोपाठ चार ऑलिंपिक स्पर्धांत सुवर्णपदक मिळवलेला. २२ फेब्रुवारी १९८० रोजी लेक प्लॅसिड या गावी मुलांच्या त्या संघाने सोव्हिएत संघाला ४–३ असे हरवले. शेवटचा, निर्णायक गोल करणारा कर्णधार माइक इरुझिओनी आणि एकामागून एक हल्ले परतवणारा गोलरक्षक जिम क्रेग हे दोघेही वॉल्टर ब्राउन अरीनाच्याच बर्फावर वाढलेले. त्या दिवशी जुन्या प्रेक्षकाने शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितले असेल, ‘ही आमची मुले!’ आणि त्यात खोटे काहीच नव्हते. आपल्या ओसरीवर खेळलेल्या मुलाने जग जिंकावे, तसाच तो अभिमान होता.

मग अशी जागा सोडावी तरी का लागली? कारण अगदी साधे होते. संघाची कीर्ती वाढली, पाहणाऱ्यांची संख्या वाढली, आणि घर अपुरे पडू लागले. कॉमनवेल्थ ॲव्हेन्यू या हमरस्त्यावर, जेथून ट्रामगाड्या घणघणत जातात, तेथे जुने लष्करी शस्त्रागार होते. ते पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर विद्यापीठाने सहा हजारांहून अधिक प्रेक्षकांसाठी नवे क्रीडागार उभारले. ३ जानेवारी २००५ रोजी तेथे हॉकीचा पहिला सामना मिनेसोटा विद्यापीठाच्या संघाशी झाला.

या नव्या वास्तूला जे नाव दिले, ते हॉकीपटूचे नाही, हे विशेष. हॅरी अगॅनिस हा बॉस्टनजवळच्या लिन गावचा, ग्रीसहून आलेल्या कुटुंबातला मुलगा. विद्यापीठात असताना अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलमध्ये त्याने नाव काढले. पुढे १९५४ मध्ये तो बॉस्टनच्या रेड सॉक्स या बेसबॉल संघात दाखल झाला. त्याच वर्षी जूनमध्ये एका दुपारी त्याने आपल्या संघासाठी चेंडू थेट मैदानाबाहेर धाडला, आणि सामना संपताच तो आपल्या विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाला गेला. खेळ आणि शिक्षण एकाच दिवशी असे हातात हात घालून चालले. पण नियतीच्या मनात निराळेच होते. २७ जून १९५५ रोजी, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गाठ अडकून तो मरण पावला. क्रीडागाराबाहेर आज त्याचा पुतळा उभा आहे. उमलत्या वयात गेलेल्या एका खेळाडूचे नाव असे नव्या घराच्या दारावर आले.

जुना प्रेक्षक आत शिरतो, तो थोडा रुसूनच. पहिली गोष्ट त्याच्या ध्यानात येते ती उजेडाची. जुन्या जागी दिवे होते. येथे जणू दिवस उगवला आहे. बर्फ इतका शुभ्र, की क्षणभर डोळे दिपतात. मधोमध छताला भला मोठा गुणफलक टांगला आहे. वाटा रुंद आहेत. माणूस माणसाला धक्का न देता जाऊ शकतो. आसनाला पाठ आहे, पुढे पाय पसरण्यास जागा आहे. धनिकांसाठी स्वतंत्र खोल्यादेखील आहेत. तो आपल्या जागेवर बसतो, पाठ टेकतो, आणि त्याला मोठे सुख वाटते. त्या सुखाची त्याला लगेच थोडी लाजही वाटते. जुन्या घराशी आपण बेइमानी तर करीत नाही ना, अशी ती लाज असते.

मग तो दोष शोधू लागतो. नव्या घरात आलेली म्हातारी माणसे करतात, तसेच. येथून बर्फ दूर वाटतो. येथे गर्दी आहे, पण ओळखीचे चेहरे चहूकडे विखुरले आहेत. जुन्या जागेत डावीकडे कोण, उजवीकडे कोण, कोण गोल झाल्यावर टोपी उडवणार आणि कोण कपाळाला हात लावणार, हे त्याला पाठ होते. येथे डावीकडे एक अनोळखी तरुण जोडपे आहे आणि उजवीकडे आईचे बोट धरून आलेला नऊ-दहा वर्षांचा मुलगा. मुलगा आसनावर बसतच नाही. त्याचे डोळे नुसते भिरभिरत असतात.

एक गोष्ट मात्र दोन्ही घरांत सारखी आहे, आणि ती म्हणजे बर्फ. हा बर्फ नदीतून आणलेला नसतो. तो जागेवर, मोठ्या निगुतीने तयार करावा लागतो. काँक्रीटच्या लादीत नळ्यांचे जाळे पुरलेले असते. त्या नळ्यांतून गोठणबिंदूच्याही खाली थंड केलेले खारे पाणी किंवा तसलाच एखादा द्रव सतत फिरत राहतो. मीठ घातलेले पाणी शून्य अंशाला गोठत नाही, म्हणून हे साधते. घरी आइस्क्रीम करताना भांड्याभोवतीच्या बर्फात मीठ टाकतात, त्यामागेही मिठाचा हाच गुण असतो. लादी पुरेशी गार झाली की तिच्यावर पाण्याचा बारीक फवारा मारतात. तो गोठला की दुसरा, मग तिसरा. मध्ये पांढरा रंग देतात, त्यावर लाल-निळ्या रेषा आखतात, आणि पुन्हा पाण्याचे थर चढवतात. इतके करून बर्फाची जाडी होते केवळ इंच-सव्वा इंच! पुस्तकाच्या जाडीएवढ्या त्या थरावर सारा खेळ उभा असतो.

खेळाडूंच्या पात्यांनी हा बर्फ ओरखडला जातो, त्यावर भुसा साचतो. पूर्वी तो खरवडून, धुऊन, पुन्हा पाणी घालून सारखा करण्यास अनेक माणसांना तासाहून अधिक वेळ लागे. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या फ्रँक झांबोनी या कल्पक गृहस्थाने १९४९ मध्ये एक यंत्र तयार केले. ते बर्फाचा वरचा पापुद्रा तासते, भुसा उचलून घेते आणि मागे पाण्याचा पातळ थर पसरीत जाते. सारे काम काही मिनिटांत होते. हे पाणी गरम असते, हे ऐकून नवल वाटेल. पण गरम पाण्याने खालचा बर्फ किंचित वितळतो, त्यामुळे नवा थर त्याच्याशी एकजीव होतो आणि पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत बनतो. मध्यंतरात हे यंत्र डुलत डुलत फेऱ्या घालू लागले की लहानमोठे सारे टक लावून पाहतात. आपला जुना प्रेक्षकही पाहतो. त्याच्या मागे उमटणारा ओला, चकचकीत पट्टा तसाच आहे. नव्या घरात जुन्या ओळखीचे कोणीतरी भेटावे, तसे त्याला वाटते.

सामना सुरू होतो. विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या भागातून वाद्यांचा गजर उठतो. चकती कठड्यावर आपटल्याचा तो कोरडा आवाज, पात्यांचा बर्फावरचा कर्रकर्र ध्वनी, मार्गदर्शकाची हाक. सारे ओळखीचे आहे. विरुद्ध बाजूच्या गोलात चकती शिरते आणि विद्यार्थी त्या गोलरक्षकाकडे बोट दाखवून एका सुरात ओरडतात, ‘चाळण! चाळण! चाळण!’ ज्याच्यातून सारे काही आरपार जाते, तो गोलरक्षक कसला, ती तर चाळण! अमेरिकेच्या महाविद्यालयीन हॉकीतली ही जुनीच थट्टा आहे. जुना प्रेक्षकही उभा राहून ओरडतो. पण ओरडता ओरडता तो थबकतो. काहीतरी चुकते आहे. जुन्या जागेत ही आरोळी ठेंगण्या छतावर आदळून परत अंगावर कोसळे. साडेतीन हजार माणसांचा आवाज दहा हजारांचा होई. येथे आवाज वर जातो, आणि वरच राहतो. उंच छत त्याला गिळून टाकते. आपण ओरडलो हे कोणी ऐकलेच नाही, असे त्याला वाटते. तो हळूच खाली बसतो. इतका वेळ दडपलेली हुरहूर आता दाटून येते. या लखलखाटात आपले म्हणावे असे काही नाही, या विचाराने त्याचा घसा भरून येतो.

गिळला गेलेला आपला आवाज शोधावा, तशी त्याची नजर वर जाते.

वर निशाणे टांगलेली आहेत. जुन्या घरातून देव नव्या घरी आणावेत, तशी संघाची मानचिन्हे येथे आणली आहेत. १९७१, १९७२, १९७८, १९९५ : राष्ट्रीय विजेतेपदाची वर्षे. आणि त्यांच्याबरोबर एक आकडा, २४.

शेजारच्या मुलाचीही दृष्टी तेथे गेलेली असते. त्याने आता कठड्याजवळच्या बाकावरचे सारे खेळाडू मोजून पाहिले आहेत. तो आईला विचारतो. आईला ठाऊक नसते. मग धीर करून तो शेजारच्या वृद्धाकडे वळतो. “आजोबा, चोवीस क्रमांकाचा खेळाडू कोठे आहे? वर त्याचा आकडा आहे, पण बर्फावर तर चोवीस कोणीच नाही.”

“तो क्रमांक आता कोणालाच देत नाहीत, बाळ,” जुना प्रेक्षक म्हणतो. आणि खेळ चालू असताना त्याने आजवर कधी केले नव्हते ते करतो : बर्फाकडे पाठ करून तो मुलाला गोष्ट सांगू लागतो.

ती गोष्ट ट्रॅव्हिस रॉय याची. मेन या उत्तरेकडील राज्यातला हा मुलगा. त्याचे वडील एका हॉकीच्या क्रीडागाराचे व्यवस्थापक होते. त्यामुळे चालायला लागल्यापासूनच बर्फ त्याच्या पायांखाली होता. मोठ्या विद्यापीठाच्या संघातून खेळावे, हे त्याचे लहानपणापासूनचे ध्येय. त्यासाठी त्याने वर्षानुवर्षे कष्ट केले, आणि बॉस्टन विद्यापीठाच्या संघात त्याची निवड झाली. २० ऑक्टोबर १९९५ ची ती संध्याकाळ. वॉल्टर ब्राउन अरीना फुलून गेली होती. त्याच वर्षी मिळवलेल्या राष्ट्रीय विजेतेपदाचे निशाण त्या संध्याकाळी वर चढवले गेले. समोर नॉर्थ डकोटा विद्यापीठाचा संघ होता. वीस वर्षांचा ट्रॅव्हिस आपल्या पहिल्या सामन्यासाठी बर्फावर उतरला. आईवडील प्रेक्षकांत बसले होते. प्रतिस्पर्ध्याला अडवण्यासाठी तो वेगाने पुढे झाला, त्याचा तोल गेला, आणि डोके कडेच्या कठड्यावर आदळले. त्याला खेळून अवघी ११ सेकंदे झाली होती.

तो उठला नाही. मानेचा मणका मोडला होता. इतका वेळ दणाणणारे ते छत एकाएकी मुके झाले. वडील जागेवरून उठून बर्फावर त्याच्यापाशी आले. हातपाय हलत नाहीत, हे मुलाला कळून चुकले होते. तरीही, निदान या सामन्यापर्यंत आपण पोचलो, असे त्याने वडिलांना सांगितले. पुढे उजव्या हाताची थोडी हालचाल परत आली. बाकीचे शरीर कायमचे लुळे झाले.

“मग?” मुलगा विचारतो. त्याचेही आता खेळाकडे लक्ष नसते.

मग ट्रॅव्हिस चाकांच्या खुर्चीतून विद्यापीठात परत आला. ज्या विद्यापीठाच्या बर्फावर त्याचे आयुष्य एका क्षणात पालटले, त्याच विद्यापीठाची पदवी त्याने २००० मध्ये मिळवली. त्याच्या नावे एक निधी उभारला गेला. मणक्याला इजा झालेल्या माणसांना खुर्ची मिळावी, घराच्या पायऱ्यांवर उतार बांधता यावा, त्यांना बसता येईल अशी गाडी करून घेता यावी, म्हणून त्या निधीतून मदत होऊ लागली. या दुखापतीवरील संशोधनालाही पैसे मिळू लागले. तो स्वतः शाळाशाळांतून मुलांशी बोलू लागला. काही संकटे माणूस स्वतः निवडतो आणि काही संकटे माणसाला निवडतात. दुसऱ्या जातीच्या संकटाला कसे सामोरे जावे, हे त्याचे जगणेच सांगत होते. १९९९ मध्ये संघाने त्याचा क्रमांक कायमचा राखून ठेवला. या संघाने असा मान दिलेला तो पहिलाच खेळाडू. शेकडो सामने खेळलेल्यांना जो मान मिळाला नव्हता, तो ११ सेकंदे खेळलेल्याला मिळाला.

मुलगा पुन्हा वर पाहतो. या वेळी बराच वेळ. त्या आकड्याकडे पाहण्याची त्याची नजर आता निराळी असते.

जुन्या प्रेक्षकाच्या मनातही काहीतरी हलते. ज्या कठड्याशी ती दुर्घटना घडली, तो कठडा या इमारतीत नाही. ज्या छताखाली ते मौन पसरले, ते छतही नाही. तरीही ती संध्याकाळ येथे आली आहे. निशाण केवळ कापडाचे. त्याने काहीच सांगितले नसते. ज्यांनी ती संध्याकाळ पाहिली, त्यांनी ती आपल्याबरोबर आणली. आणि आता ती या मुलाच्या स्वाधीन झाली. जुन्या घरातून नव्या घरात आणण्यासारखे जे असते, ते आणण्याचे काम हमालांचे नव्हते. ते त्याचेच होते, आणि ते त्याच्या हातून नकळत झाले होते.

आणखी एक गोष्ट त्याला उमगते. या मुलाला जुने घर ठाऊकच नाही. त्याच्या दृष्टीने छत उंच नाही; छत असेच असते. बर्फ दूर नाही. बर्फ येथेच असतो. त्याचे पहिले निशाण, पहिली आरोळी, पहिला विजय आणि पहिले रडू, सारे येथेच घडणार. जुन्या प्रेक्षकाच्याही आधीचे प्रेक्षक होते. १९७१ मध्ये जेव्हा वॉल्टर ब्राउन अरीना नवी होती, तेव्हा त्यांनीही तिच्या कोऱ्या भिंतींकडे पाहून अशीच मान हलवली असेल.

तेवढ्यात घरच्या संघाचा गोल होतो. मुलगा टाचा उंचावून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडतो, ‘चाळण! चाळण!’ त्याच्या किनऱ्या आवाजात जुना प्रेक्षक आपला भरदार आवाज मिसळतो. छत काही ठेंगणे झालेले नसते. आवाज अजूनही वर जाऊन हरवतोच. पण आता त्याचा त्याला राग येत नाही. मोठे घर भरायला अधिक माणसे लागतात, अधिक वर्षे लागतात, आणि त्यासाठी कोणी तरी आज ओरडावे लागते, एवढेच.

त्यानंतर पुष्कळ हिवाळे गेले. जुनी वॉल्टर ब्राउन अरीना ओस पडली नाही. २००५ मध्येच विद्यापीठाने मुलींचा हॉकीचा संघ उभा केला, आणि ज्या बर्फावर इरुझिओनी आणि क्रेग घडले, त्या बर्फावर मुलींची पाती फिरू लागली. ज्याच्या मार्गदर्शनाखाली १९७३ पासून हा संघ वाढला, तो जॅक पार्कर २०१३ मध्ये निवृत्त झाला. नव्या घरातल्या बर्फाला त्याचे नाव आहे. २००९ मध्ये संघाने आणखी एक राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तेही कसे! अंतिम सामन्यात शेवटचे एक मिनिट उरले असताना संघ दोन गोलांनी मागे होता. त्या एका मिनिटात त्याने दोन्ही गोल फेडले आणि जादा वेळात सामना जिंकला. त्या वर्षाचे निशाण मात्र जुन्या घराने पाहिलेले नाही. ते नव्या वास्तूचे स्वतःचे. आणि २९ ऑक्टोबर २०२० रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ट्रॅव्हिस रॉय मरण पावला. ११ सेकंदांच्या खेळानंतर पंचवीस वर्षे तो इतरांच्या उपयोगी पडत जगला.

त्या संध्याकाळचा तो लहान मुलगा आज तिशीच्या घरात पोचला असेल. त्याच्या उजव्या-डाव्या हाताचे शेजारी त्याला पाठ झाले असतील. एखाद्या आसनाची पाठ सैल झाली असेल, भिंतींवर ओरखडे उमटले असतील, आणि ते कोठे आहेत हे तो डोळे मिटून सांगू शकत असेल. एखाद्या नव्या मुलाने वरच्या चोवीस आकड्याविषयी विचारले, तर तो थोडा वेळ खेळाकडे पाठ करील. आणि उद्या कोणी म्हणाले की, हे क्रीडागार आता अपुरे पडते, येथून जवळच याहून मोठे, याहून सुंदर क्रीडागार बांधू या, तर सर्वांआधी तोच हळहळेल.